ग्रहणाची टेप

माझा फोटो-व्हिडिओचा धंदा बंद होऊन बरीच वर्षे झाली. दुकान गेले, पण लग्नामुंजींच्या कॅसेटींनी भरलेले लोखंडी कपाट घरी आले आणि अजून घरातच आहे. त्याच्या खालच्या कप्प्यात एक छोटी मिनी-डीव्ही कॅसेट आहे. तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिले आहे : काशी, २२-७-२००९, खग्रास.

ओळखीच्यांना ही कॅसेट ठाऊक आहे. कुठे ग्रहणाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतेच, "तुम्ही म्हणे खग्रास ग्रहण शूट केलंय. दाखवा की एकदा." मी काहीतरी सांगून टाळतो. कारण सरळ आहे. सूर्य पूर्ण झाकला होता त्या तीनेक मिनिटांत माझ्या टेपवर काळ्या पडद्याशिवाय काही नाही. पंधरा वर्षे बेळगावात लग्ने शूट केलेल्या माणसाने हे कुठल्या तोंडाने सांगायचे? लग्नात मंगळसूत्राचा क्षण हुकला तर भटजींच्या हातापाया पडून नवरदेवाला परत एकदा हात वर करायला लावता येते. मी ते केलेले आहे. सूर्याला तसे सांगता येत नाही.

पण ती टेप मी फेकूनही दिली नाही. त्याची गोष्ट १९८० पासून सुरू होते.

तेव्हा आम्ही हुबळीला होतो. वडील रेल्वेत, आजी आमच्याजवळ. आजी बेळगावची, मराठीशिवाय दुसरे बोलायची नाही. आई गदगकडची, माहेर कानडी. घरात दोन्ही भाषा एकाच ताटात वाढल्यासारख्या असायच्या. आपल्याकडच्या कितीतरी घरांत असतात तशाच. आई आजीशी मराठीत बोले, आमच्याशी मराठीत बोले, पण दचकली, रागावली किंवा रडू आले की कानडीत जाई.

१६ फेब्रुवारी १९८० चे ग्रहण या भागातल्या साठीच्या पुढच्या माणसांना आठवत असेल. शनिवार होता. चंद्राची सावली दुपारी कारवार-अंकोल्याच्या किनाऱ्यावर चढली आणि हुबळी, गदग, रायचूर करत पुढे आंध्रात गेली. बेळगाव पट्ट्याच्या बाहेर राहिले. तिथे सूर्य बराचसा झाकला, पण पुरता नाही. हुबळीत मात्र दुपारी पावणेचारच्या सुमाराला अडीच मिनिटे अंधार पडला. हे बघायला दुरून शास्त्रज्ञ येऊन तळ ठोकून राहिले होते आणि आमच्या गल्लीतली माणसे दारेखिडक्या लावून आत बसली होती. रस्त्यावर कुत्रेसुद्धा नव्हते म्हणतात. मला ते सांगता येणार नाही, कारण मीही आतच होतो.

आईला सहावा महिना होता. तिला मधल्या खोलीत चटईवर सरळ निजवले होते. हातपाय आवळायचे नाहीत, काही चिरायचे नाही, सुईदोरा धरायचा नाही, गाठ मारायची नाही. पाण्याच्या घागरीवर दर्भ, दुधावर तुळशीचे पान. आजी दारात जपमाळ घेऊन बसली होती. मी नऊ वर्षांचा. शाळेतल्या मास्तरांनी फळ्यावर सूर्य, चंद्र, पृथ्वी काढून सगळे समजावले होते आणि अशी वेळ या गावात आपल्या आयुष्यात पुन्हा येणार नाही असेही सांगितले होते. मग नऊ वर्षांचा मुलगा काय करणार? आजी देवघरात गेली तेवढ्यात मी खिडकीचा अडसर काढला.

बाहेरचा उजेड विचित्र झाला होता, आजाऱ्याच्या तोंडासारखा. समोरच्या भिंतीची सावली चाकूने कापल्यासारखी धारदार पडली होती. मी मान वर करणार तोच मागून आईचा हात आला. ती चटईवरून कशी उठली कोण जाणे. तिने तळहाताने माझे डोळे झाकले आणि मला आपल्या पोटाशी ओढले. तिचे तोंड माझ्याकडे होते, पाठ खिडकीकडे. "कण्ण मुच्चो, कण्ण मुच्चो," एवढेच म्हणत होती. मग अंधार झाला. तो मला तिच्या बोटांच्या फटीतून जेवढा कळला तेवढाच.

आजी परत आली तेव्हा खिडकी उघडी होती आणि आई खिडकीत उभी होती.

जूनमध्ये माझी बहीण जन्मली. तिचा वरचा ओठ नाकपुडीपर्यंत दुभंगलेला होता.

पुढचे मी सांगायला नको. दोन्हीकडच्या नातेवाइकांनी एकाच गोष्टीवर एकमत केले असेल तर ते हे. मराठीत "ग्रहण लागलं" म्हणाले, कानडीत "ग्रहण हिडदद" म्हणाले. सूनबाईला ग्रहण बघायची हौस, आणि भोगतेय लेकरू. माझी आजी वाईट नव्हती. त्या पोरीला कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब दूध पाजून तिनेच जगवले, ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात जमिनीवर तीच झोपली. पण "खिडकीत उभी होतीस" हे वाक्य तिने कधी मागे घेतले नाही. आईने एकदाच सांगून पाहिले की मी वर बघितले नाही. कुणी ऐकले नाही. नंतर तिने सांगणे सोडून दिले.

खिडकी मी उघडली होती. हे मीही सांगितले नाही. आधी मार बसेल म्हणून, मग आजीला वाईट वाटेल म्हणून, मग इतकी वर्षे गेल्यावर आता कशाला म्हणून. आईने माझे नाव घेतले नाही आणि मी त्याचा फायदा घेतला.

बहिणीच्या दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी तिथल्या डॉक्टरांनी आईला बसवून नीट सांगितले होते. गर्भाचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो. कधी काही कारणाने जुळायचा राहतो. दुसरा महिना संपेपर्यंत जे व्हायचे ते होऊन जाते. म्हणजे ग्रहण आले तेव्हा बहिणीचा ओठ जसा होता तसा होऊन चार महिने झाले होते. आईने खिडकीत उभे राहून काय, अंगणात बसून सूर्याकडे बघितले असते तरी तिचे डोळे गेले असते, पोरीचा ओठ नाही. हिशेब इतका सोपा आहे. पण बहिणीला बघायला आलेल्या एका बाईने १९ वर्षांनंतरही चहाची बशी खाली ठेवत विचारलेच, "ग्रहणात काही चिरलंबिरलं होतं काय हो आईनं?" ते स्थळ आम्हीच नाकारले. बहिणीचे पुढे चांगले झाले. ती निपाणीकडे शाळेत शिकवू लागली, जावईही समंजस मिळाले. ओठावर एक बारीक रेघ राहिली आहे. विचारात पडली की तिचे बोट त्या रेघेवर जाते.

२००९ च्या एप्रिल-मेमध्ये पेपरात यायला लागले की २२ जुलैला खग्रास ग्रहण आहे, या शतकातले सर्वांत लांबलेले; पॅसिफिक महासागरात ६ मिनिटे ३९ सेकंदांपर्यंत. भारतात सुरत, बडोदे, इंदूर, भोपाळ, काशी, पाटणा या पट्ट्यात पहाटे दिसणार. वडील जाऊन चार वर्षे झाली होती, आजी तर कधीच गेली होती. आई सहासष्टची. तिने पेपर घडी घालून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "मला हे बघायचंय. ज्याचा आळ आला ते एकदा बघून तरी घेते."

मग तिनेच काशी निवडली. ग्रहण बघायला चालले म्हणाली असती तर चार जणींनी तोंडे वाकडी केली असती. काशीला चालले म्हटल्यावर सगळ्यांनी गंगेसाठी पैसे बांधून दिले.

बहिणीला रजा मिळेना. ती फोनवर म्हणाली, "दादा, नीट शूट करून आण. लहानपणापासून ऐकतेय मी त्याच्याबद्दल. मला एकदा त्याचं तोंड बघू दे."

मी तयारी काही कमी केली नव्हती. ग्रहण शूट करणे हे ऐकायला अवघड वाटते, पण नियम चारच आहेत. सूर्याची कोर जरा जरी बाकी असेल तोवर भिंगापुढे फिल्टर हवाच, नाहीतर डोळ्यासारखाच कॅमेराही भाजतो. फोकस आपोआपवर ठेवायचा नाही, हाताने लांबवर लावून ठेवायचा. तिवई पक्की हवी. सूर्य आपल्या रुंदीइतका सरकायला दोन मिनिटे घेतो, त्यामुळे पूर्ण झूम केला तर तो बघता बघता चौकटीबाहेर जातो. आणि चौथा नियम, खग्रास होताक्षणी फिल्टर काढायचा. तेव्हा जे दिसते ते प्रभामंडळ, म्हणजे करोना. (हा शब्द पुढे भलत्याच कारणाने घरोघर पोचला.) त्याचा सगळा मिळून उजेड पौर्णिमेच्या चंद्राएवढा, म्हणजे सूर्याच्या दहा लाखांत एक भाग. फिल्टरमधून तो दिसत नाही. ही चार वाक्ये मी डायरीत लिहून काढली होती. वटपौर्णिमेच्या रात्री गच्चीवर तिवई लावून चंद्रावर सराव केला. पुढे बेळगावचा पाऊस सुरू झाला आणि आकाशच दिसेना.

फिल्टर मी घरीच केला. ग्रहणाच्या चष्म्याला असतो तसला काळा कागद, पुठ्ठ्याच्या कड्यात बसवलेला. घाटावर वारा असणार, उडून जाईल, म्हणून वायरमनची काळी चिकटपट्टी त्याला गोल तीन वेढे गुंडाळली. त्या तीन वेढ्यांनीच माझा घात केला.

काशीत आम्ही कर्नाटक घाटावर बसलो. म्हैसूर संस्थानाने बांधलेला घाट. हरिश्चंद्र घाटाच्या बाजूला आहे. काशीत भोसल्यांचा घाट आहे, शिंद्यांचा आहे, अहिल्याबाईंचा आहे, हे मी आईला कौतुकाने सांगत होतो. तिने भिंतीवर कानडी अक्षरे दिसतात का ते शोधायला सुरुवात केली. पहाटेच पायऱ्या भरल्या होत्या. काशीचे घाट पूर्वेला तोंड करून आहेत, सूर्य थेट नदीपलीकडून वर येतो. पातळ ढग आडवे येत-जात होते. साडेपाचला सूर्याच्या वरच्या अंगाला पहिला चावा बसला. आजूबाजूला मंत्र सुरू झाले, लोक पाण्यात उतरू लागले. आई इरकलचा पदर खोचून बसली होती. तिने पिशवीतून गोकाकचे करदंट काढले, एक तुकडा मोडून मला दिला आणि एक स्वतः शांतपणे खाल्ला. ग्रहणात. शेजारच्या बाईने बघितले आणि तोंड फिरवले. आई चावत राहिली.

कॅमेऱ्यात सूर्य सुंदर येत होता. नारिंगी, कोरेकोर, लिंबाएवढा. दर दोन मिनिटांनी मी तिवई किंचित फिरवत होतो. कोर बारीक होत गेली तसा उजेड तोच हुबळीतल्या खिडकीतला झाला, आजाऱ्याच्या तोंडासारखा. एकोणतीस वर्षांनी मी तो लगेच ओळखला. अंगावर काटा आला आणि डायरीतली चारही वाक्ये डोक्यातून उडाली.

सहा वाजून चोवीस मिनिटांच्या सुमाराला कोरेचा दोरा झाला, दोरा तुटला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावरून सूर्य गेला. मला वाटले, ढग आला. खरेच तेच वाटले. मी एक्स्पोजर वाढवले, झूम मागे घेतला, फोकस फिरवून पाहिला. काळे ते काळेच. घाटावर एकच गर्जना उठली होती, शंख, घंटा, हर हर महादेव, आणि मी खाली मान घालून बटणे दाबत होतो. मग एकदम लक्षात आले, फिल्टर! नखाने चिकटपट्टीचे टोक शोधू लागलो. अंधारात काळ्या पट्टीचे टोक सापडेना. तिवई हलली.

आईने माझा दंड धरला. "बिडो अदन्न! म्याल नोडो!"

मी ते सोडले आणि वर बघितले.

सूर्य होता तिथे एक काळे भोक होते. शाईसारखे नव्हे, त्याहून काळे. त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरी, रेशमासारखी पिसे लांबवर पसरलेली. कडेला एका ठिकाणी गुलाबी ठिणगी. वर उंचावर शुक्र झळझळत होता. आणि चारी बाजूंना क्षितिजावर संध्याकाळ, एकाच वेळी सगळीकडे. हे सगळे नुसत्या डोळ्यांनी, चष्म्याशिवाय; तेवढी तीन मिनिटेच तशी परवानगी असते. त्यातली निम्मी मी बटणांत घालवली होती.

आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. ती वर बघतच बोलली, मला उद्देशून नव्हे. मग सूर्याच्या कडेला हिरा फुटला, लोक ओरडले, मी तिच्या डोळ्यांवर चष्मा ठेवला.

नंतर आम्ही गंगेत स्नान केले. आम्ही होतो तिथे रेटारेटी नव्हती, पण त्या दिवशी काशीत घाटावरच्या चेंगराचेंगरीत एका वृद्ध बाईचा जीव गेल्याचे दुपारी कळले. आई बराच वेळ गप्प बसली. बिहारमधल्या तारेगना गावी शास्त्रज्ञ आणि हौशी लोकांची जत्रा जमली होती. तिथे ढगांनी सगळे झाकले. सुरतेलाही तेच. म्हणजे नशीब आमच्या बाजूला होते आणि मी चिकटपट्टी गुंडाळून बसलो होतो.

लॉजवर टेप मागे घेऊन पाहिली. नारिंगी कोर, दोरा, मग काळा पडदा, मग पुन्हा दोरा. मला रडूच यायचे बाकी होते. आई म्हणाली, "मी बघितलं ना? पुरे मला." पण निपाणीला काय सांगायचे?

पुढच्या रविवारी बहीण आली. मी आधीच कबूल केले की मधला भाग गेला आहे. ती म्हणाली, आहे ते लाव. टीव्हीला वायर जोडली. पडदा काळा झाला, पण आवाज चालू होता. शंख, घंटा, गलका. माझे "ढग आला, ढग आला." आईचे "म्याल नोडो." मग थोडा वेळ नुसता घाट. आणि मग अगदी जवळून, माइकच्या शेजारीच बसली होती ती, आईचा आवाज :

"अवत्त ना नोडिद्दिल्ल."

त्या दिवशी मी बघितले नव्हते.

बहिणीने रिमोट घेऊन टेप थांबवली. "कुठल्या दिवशी? कुणाला म्हणतेय ही?"

मी सांगितले. अडसर, देवघर, आईचा हात, सगळे. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा. बोलताना मी टीव्हीकडे बघत होतो. तिचे बोट ओठावरच्या रेघेवर गेलेले मला काचेत दिसत होते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आई मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "नऊ वर्षांचं पोर होतं ते. त्याचं नाव घेतलं असतं तर सगळ्यांनी मिळून त्यालाच धरलं असतं. मग दोघांना पुसत बसले असते मी."

"आणि तू?" बहीण म्हणाली.

"मला काय. मला माहीत होतं की."

बहीण बराच वेळ माझ्याशी बोलली नाही. रागावली असेल; तिचा हक्कच होता. मग म्हणाली, "दादा, परत लाव." तो काळा पडदा आम्ही त्या दिवशी चार वेळा पाहिला.

आई २०१७ साली गेली. त्यानंतर मी टेप कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. बहिणीच्या मोबाइलवर ती तीन मिनिटे आहेत, ती मधूनच ऐकते. २०१९ मध्ये वाचनात आले की नेव्हिल मॅस्केलिन नावाच्या इंग्रज जादूगाराने १८९८ साली भारतात येऊन खग्रास ग्रहणाचे चलच्चित्र घेतले होते आणि परत जाताना फिल्मचा डबाच चोरीला गेला. बिचारा १९०० साली अमेरिकेत जाऊन दुसरे ग्रहण टिपून आला; ती फिल्म आजही आहे. मला ते वाचून उगाच बरे वाटले. माझी टेप निदान चोरीला तरी गेली नाही.

आता आपल्या देशात खग्रास ग्रहण २० मार्च २०३४ ला आहे, काश्मीर-लडाखच्या बाजूला. मी तेव्हा त्रेसष्टचा असेन, बहीण चोपन्नची होईल. दोघांनी जायचे ठरले आहे. कॅमेरा मी धरायचा, फिल्टर ती काढणार. चिकटपट्टी बरोबर घ्यायची नाही, असे तिने मला आत्तापासूनच बजावून ठेवले आहे.